चर्चमधला धुरा

मृत्यूपुढे राजा आणि रंक सारखेच, असं म्हणतात. मीही पूर्वी म्हणत असे. मग पुरातत्त्वाच्या नोकरीत एकतीस वर्षं काढली, विदर्भात जिथे जिथे जुनी दफनं निघाली तिथे तिथे मोजपट्टी घेऊन उतरलो, आणि एवढ्या काळात मला एकही रंक भेटला नाही. ज्यांच्यासाठी गावच्या गाव धोंडे ओढत आलं होतं तेच भेटले. ज्यांनी धोंडे ओढले ते कुठे गेले, याची नोंद जमिनीने ठेवलेली नाही.

माझं काम आरेखकाचं. उत्खनन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हॅट घालून हातात ब्रश धरलेला माणूस येतो. तो साहेब. फोटो काढून झाला की तो सावलीत जातो. त्याच्या मागे दोरी, खिळे, ओळंबा आणि आलेखाचा कागद घेऊन उन्हात जो बसलेला असतो तो मी. खणायचं कुठे हे साहेब ठरवतात. पण जमिनीवर खिळे ठोकून दोरी ताणतो तो आरेखक, आणि मजूर साहेबांकडे न बघता दोरीकडे बघून खणतात. या व्यवस्थेतली माझी सत्ता एवढीच. ती मी नोकरीत एकदाच वापरली, आणि तेच सांगायला बसलो आहे.

त्याआधी थोडं धंद्याबद्दल. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माळावर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळं दिसतात. गावकरी म्हणतात, जुन्या गवळ्यांचे गोठे. ती दफनं आहेत, अडीच हजार वर्षांच्या आगेमागेची. मधोमध खड्डा, त्यात माणूस, शेजारी आतून काळी आणि बाहेरून लाल अशी मडकी, लोखंडाची कुऱ्हाड, कधी तांब्याचे दागिने घातलेला घोडासुद्धा. वर माती, गोटे, आणि भोवती धोंड्यांचं कडं. आमचं काम हे सगळं उलट्या क्रमाने काढणं. त्यातलं मुख्य कौशल्य माती वाचण्याचं आहे. माती एकदा हलवली की पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. तिचा रंग, तिचा दाणा वेगळा राहतो. अडीच हजार वर्षांनीसुद्धा खड्ड्याची कड चाकूने आखल्यासारखी दिसते. ज्याला दिसते त्याला.

बघायला येणारे दोन प्रश्न विचारतात. पहिला, सोनं निघालं काय. दुसरा, मेलेला कोणाचा. म्हणजे कोणत्या जातीचा. यातून कोणी सुटत नाही. दिग्रसला एका जिनिंगवाल्या शेठजींनी रंगीत छापलेली वंशावळ आणून माझ्यापुढे पसरली होती. शेजारच्या शेतात निघालेला सांगाडा आपल्या मूळपुरुषाचा आहे असं खात्याच्या शिक्क्याने लिहून हवं होतं. मी सांगितलं, या माणसाबरोबर घोडा पुरलेला आहे. तुमच्या घराण्यात घोडे होते का? शेठजींनी बराच विचार केला. म्हणाले, आजोबांकडे सायकल होती.

आता चर्चकडे येतो. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही बदलली आहेत. घाटंजीच्या पलीकडे, एवढं पुरे. परदेशी मिशनने सव्वाशे वर्षांपूर्वी बांधलेलं छोटं कौलारू चर्च. समोर कडुनिंब, बाजूला घंटेचा खांब, आणि पंधरा-वीस घरांची मंडळी. एका रविवारी उपदेश चालू असताना तिसऱ्या ओळीतला बाक त्यावरच्या तीन बायांसकट वीतभर खाली गेला. पास्टर साहेबांनी उपदेश थांबवला नाही. बायांनीही तो बसल्या जागी, म्हणजे वीतभर खालून, पूर्ण ऐकला.

दुपारपर्यंत गावाने ठरवून टाकलं की खाली भुयार आहे आणि ते माहूरच्या किल्ल्यात निघतं. आमच्याकडचं प्रत्येक भुयार माहूरला निघतं. ती सगळी खरी असती तर किल्ला कधीच खाली बसला असता. गावातल्या एका शिक्षकाने मात्र फुटलेल्या फरशीखाली हात घालून खापराचा तुकडा काढला, आतून काळा, बाहेरून लाल, आणि त्याचा फोटो आमच्या खात्याकडे पाठवला. आठ दिवसांत आम्ही तिथे होतो.

बाहेरून चर्चचा जोता बघितला आणि उलगडा झाला. मिशनच्या साहेबाला उंचवटा दिसला, भोवती आयते धोंडे दिसले. त्याने धोंडे फोडून जोत्यात घातले आणि उंचवट्यावर देवाचं घर बांधलं. कबरीवर बांधतो आहोत हे त्याला कळलं नसावं. कळलं असतं तरी धोंडे फुकट होते.

आमच्या तुकडीत सोमाजी टेकाम होता. कोलाम, वय साठीच्या आसपास, खात्याच्या लेखी हंगामी मजूर. माती वाचण्यात त्याच्या तोडीचा माणूस मी पाहिला नाही. डॉक्टरेट केलेले साहेब त्याला बाजूला घेऊन विचारत आणि मग स्वतःचं मत म्हणून लिहीत. चर्चची व्यवस्था बघायला मार्थाबाई होत्या. सत्तरीला टेकलेल्या, बुटक्या, कमरेत किंचित वाकलेल्या. सासरे चर्चची राखण करायचे, त्यांच्यामागे नवरा, नवऱ्यामागे त्या. झाडणं, पुसणं, घंटा वाजवणं, सगळं त्यांच्याकडे. सकाळी त्या मला सलाम म्हणायच्या, मी जयभीम म्हणायचो, सोमाजी दोघांना रामराम घालायचा. प्रत्येकाला उत्तर दुसऱ्याच भाषेत मिळायचं आणि त्याने कोणाचं काही अडलं नाही. मी बोरी अरबचा. वडील धर्मांतराच्या पिढीतले, शाळामास्तर. घरात देव नव्हता, पुस्तकं होती. त्यामुळे चर्चमध्ये काय पाळायचं हे मी मार्थाबाईंनाच विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, "विडी नका फुकू, आन् खोटं नका बोलू. बाकी चालते." पैकी विडी मी ओढत नाही.

उपासना कडुनिंबाखाली हलवली. बाक बाहेर काढले, फरशा उचलल्या, आणि मी दोरी ताणली.

दोरीचं थोडं समजून घ्या, कारण पुढची गोष्ट तिच्यावर आहे. आम्ही जमीन चौकोनांत खणतो. दोन चौकोनांच्या मध्ये न खणलेल्या मातीचा पट्टा सोडतो, उभ्या भिंतीसारखा. या भिंतीच्या अंगावर मातीचे थर दिसतात, कोणता आधी, कोणता नंतर. सगळं खणून टाकलं तर साक्षीला काही उरत नाही, म्हणून तो पट्टा. पुस्तकात त्याला बाल्क म्हणतात. आमचे मजूर शेतातले. दोन वावरांच्या मधे बांध असतो तसा, म्हणून ते त्याला धुरा म्हणतात, आणि तोच शब्द बरा आहे. चर्चमध्ये मी तीन मीटरचे चौकोन आखले, मधे अर्ध्या मीटरचा धुरा. नियमाप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी सोमाजी पुलपिटाजवळ, म्हणजे पास्टर साहेब उभे राहून उपदेश करतात त्या लाकडी कठड्यापाशी, खुरप्याने माती खरवडत होता. थांबला. मला हाताने बोलावलं. मातीत एक ठिगळ दिसत होतं. दीड हात लांब, हातभर रुंद, चारी कडा सरळ. रंग भोवतीच्या मातीपेक्षा फिका.

"हे त्या बुढ्याचं नाही," सोमाजी म्हणाला. बुढा म्हणजे अडीच हजार वर्षांचा. "हे माती आपल्या वयाची हाय."

मी आलेखावर तुटक रेघेने चौकोन काढला, शेजारी लिहिलं, 'अलीकडचा खड्डा'. आरेखकाचा धर्म एकच. दिसेल ते काढायचं, नसेल ते काढायचं नाही, आणि काढलेलं खोडायचं नाही.

दुपारी मजूर जेवायला गेले. मी खड्ड्याच्या काठावर बसून रेघा पक्क्या करत होतो. मार्थाबाई किटलीत चहा घेऊन आल्या, कप भरला, आणि गेल्या नाहीत. बराच वेळ दोरीकडे बघत राहिल्या. मग विचारलं, ही दोरी इथूनच जावी लागते, की थोडी इकडून तिकडूनही जाऊ शकते? मी म्हटलं, का? त्यांनी ठिगळाकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं.

"तिथं माहं लेकरू हाय, भाऊ."

मग त्या खाली बसल्या आणि सांगितलं. पहिलं बाळंतपण, वय अठरा-एकोणीस. नवरा तेव्हा बल्लारशाला कामाला. मुलगी झाली, सकाळी झाली आणि संध्याकाळच्या आत गेली. नाव ठेवायचं राहिलं. दफनभूमी नाल्यापलीकडे, आणि नाल्याला दोन दिवस पूर. बैल घालायची सोय नव्हती. त्याच आठवड्यात चर्चमध्ये नवी फरशी बसवणं चाललं होतं, पुलपिटापाशी जमीन उघडी होती. सासऱ्यांनी मिशनच्या दवाखान्यातलं दुधाच्या भुकटीचं लाकडी खोकं आणलं. कोणाची परवानगी मागितली नाही. पाळक तेव्हा गावात नव्हते, म्हणून प्रार्थनाही त्यांनी स्वतःच म्हटली, येत होती तेवढी. दुसऱ्या दिवशी गवंड्याने येऊन त्यावर फरशी बसवली. त्यालाही कळलं नाही. सुनेला सासऱ्यांनी जागा सांगून ठेवली होती, पुलपिटापासून तिसरी फरशी. नवऱ्याला एवढंच सांगितलं की लेकरू पुरलं. त्याने कुठे म्हणून कधी विचारलं नाही. त्याला दफनभूमीच वाटली असावी. पुढे तीन मुलं झाली, तीही या चर्चमध्ये वाढली, त्या फरशीवरून पळाली.

"रोज पुसून राह्यली मी ते फरशी," त्या म्हणाल्या. "तेवढीच भेट."

नियम मला माहीत होता. अलीकडचं दफन निघालं तर काम थांबवायचं. तहसीलला कळवायचं, पोलीस येणार, पंचनामा होणार, जे काही उरलं असेल ते पिशवीत भरून तपासणीला जाणार. मग कोणाचं, कधीचं, कसं मेलं, परवानगी कोणी दिली. मार्थाबाईंना ठाण्यात बसवून कोणीतरी हे विचारणार. तो विचारणारा वाईट माणूस असेल असं नाही. त्याच्यापुढे छापील रकाने असतील, आणि त्या रकान्यांत पूर आलेल्या नाल्यासाठी जागा नसते.

त्यांनीही गळ घातली नाही. एकच विचारलं.

"काढलं तं मंग कुठं ठेवतीन तिले?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरं होतं. अशा पिशव्या कुठे जातात ते मी तीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. जुन्या हाडांची कपाटं मला ठाऊक होती, नव्या हाडांची नाही.

त्या किटली घेऊन गेल्या. मी आलेख मांडीवर घेऊन बसलो. मग खिशातून खोडरबर काढलं. तोवर ते मी पेन्सिलीच्या डागांसाठीच वापरलं होतं. तुटक रेघेचा चौकोन खोडला, शेजारची अक्षरं खोडली, फुंकर मारली. कागद तिथे जरा खरबरीत झाला. बघणाऱ्याला आजही कळेल. मग उठून चार खिळे उपटले, पहिला चौकोन बाजूच्या भिंतीकडे सरकवला, दुसरा आखूड केला, आणि दोरी पुन्हा ताणली. धुरा अर्ध्या मीटरचा सव्वा मीटर झाला. ठिगळ त्याच्या पोटात गेलं.

मजूर परत आले. सोमाजीने नव्या दोरीकडे पाहिलं, खरवडलेल्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी शास्त्रीय कारण तयार ठेवलं होतं, भिंत ढासळू नये म्हणून. त्याने ते विचारलंच नाही. धुऱ्यावर बाजूची माती ओढून हाताने थापली, ठिगळ दिसेनासं झालं. मग खुरपं पुसत म्हणाला, "आमच्या पोडावर इत्तुसं लेकरू गेलं तं मोहाच्या बुडाशी ठेवतात. झाड दूध पाजते म्हन्तात." पोड म्हणजे कोलामांची वस्ती. पुढे म्हणाला, "इथं झाड नाही. भिंत हाय. चालते." त्यानंतर महिनाभर या विषयावर आम्ही बोललो नाही.

दोन्ही चौकोन खोल गेले. पुरुषभर खोलीवर आमचा बुढा भेटला. उजव्या कुशीवर, गुडघे थोडे दुमडलेले, डोक्यापाशी पाच मडकी, हाताशी लोखंडाची कुऱ्हाड. लोखंडाने गंज धरला होता, तरी पातं ओळखू येत होतं. झाकण असलेलं एक मडकं होतं आणि झाकणावर मातीचा पक्षी. मला या धंद्यात आवडतं ते हेच. मडकं पुरल्यानंतर कोणी बघणार नाही हे ज्या कुंभाराला ठाऊक होतं, त्यानेही त्या पक्ष्याला डोळे केले होते.

आणि मग अडचण आली. बुढ्याच्या पायाकडून तांब्याची नक्षीची पट्टी निघाली. घोड्याच्या तोंडावर बांधतात तशी. पट्टी निम्मी चौकोनात आणि निम्मी धुऱ्यात शिरलेली. म्हणजे घोडा होता, आणि तो धुऱ्याखाली होता.

साहेब धावत आले. साहेबांबद्दल मी वाईट बोलणार नाही. माणूस विद्वान होता, आणि आता तोही निवृत्त आहे आणि दिवाळी अंक वाचत नाही. चार दिवसांनी मुंबईहून मोठे पाहुणे हे दफन बघायला यायचे होते. साहेबांना त्यांच्यापुढे घोडा हवा होता. त्यांनी धुरा मोजला.

"हा एवढा रुंद का सोडलाय?"

भिंत ढासळू नये म्हणून, मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. रुंद भिंत कमी ढासळते.

साहेब म्हणाले, ठीक, आता काम संपत आलंय, धुरा काढा. हेही नियमात बसत होतं. शेवटी धुरा काढून त्याखालचं बघण्याची पद्धत आहे. माझ्याकडे दुसरं शास्त्रीय कारण नव्हतं. मार्थाबाई दारात केरसुणी घेऊन उभ्या होत्या. केरसुणी हलत नव्हती. साहेबांना खरं सांगावं असं माझ्या मनात आलं. सांगितलं असतं तर ते हळहळले असते, आणि मग त्यांनी तहसीलला पत्र लिहिलं असतं. ते हळहळणारे होते आणि पत्र लिहिणारेही होते.

तेवढ्यात खड्ड्यातून सोमाजी बोलला. साहेबांशी तो सहसा बोलत नसे.

"काढतो ना साहेब. पन त्या पुलपिटाचा भार याच धुऱ्यावर हाय. धुरा गेला का पुलपीट खाली येते, आन् भिंत बी हालन. मी खालून काढतो, तुमी वर त्या कठड्यापाशी उभे राहून सांगा, कुठवर काढाचं ते."

साहेबांनी कठड्याकडे पाहिलं. सागवानी, जुना, बराच जड. मग खड्ड्याकडे. मग मला विचारलं, खरंच भार आहे का? मी म्हणालो, मोजावं लागेल. हेही खरं होतं. कुठलीही गोष्ट मोजावीच लागते. मग साहेबांनी विद्वान माणसं करतात तेच केलं, माघारीला तत्त्व दिलं. म्हणाले, सगळं आपणच खणणं बरं नाही. पुढच्या पिढ्यांकडे अधिक चांगली साधनं असतील. हा भाग भावी संशोधनासाठी राखून ठेवू.

दारातली केरसुणी पुन्हा हलायला लागली.

पाहुणे आले. त्यांच्याआधी मंडपवाला आला आणि त्याने आमच्या बांबूच्या शिडीला लाल मखमल गुंडाळली. त्यावरून उतरताना दोन अधिकारी घसरले, पण मखमल काढायची कोणाची हिंमत झाली नाही. बाहेर बँड, लेझीम, रांगोळी. पाहुण्यांच्या स्वीय सहायकाने खाली येऊन पाहणी केली आणि मला कानात विचारलं, "हा आपला होता का?" मी म्हणालो, आपल्या सगळ्यांच्या आधीचा. त्याने वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं ते दिसलं नाही.

पाहुणे बरे गृहस्थ होते. थकलेले होते, सकाळपासून हे चौथं ठिकाण. शिडी जपून उतरले, बुढ्याकडे खरोखर लक्ष देऊन पाहिलं, पक्ष्याचं मडकं त्यांना आवडलं. मग मागून कोणीतरी भलंमोठं पुष्पचक्र खाली दिलं. गुलछडी आणि झेंडू, त्यावर पाण्याचा भरपूर शिडकावा. आद्य पुरुषाला अभिवादन, असं कार्यक्रमपत्रिकेवर छापलेलं होतं. आमच्या साहेबांचा चेहरा उतरला. ओलं पुष्पचक्र त्या हाडांवर ठेवलं असतं तर अडीच हजार वर्षं टिकलेली ती आठवड्यात बुरशीने गेली असती. पाहुणे वाकायच्या बेतात होते. साहेबांनी भोवती पाहिलं. खड्ड्यात सपाट जागा एकच होती, छातीच्या उंचीवर.

"सर, इथे ठेवा," साहेब म्हणाले. "हा अत्यंत महत्त्वाचा भाग आहे. राखीव आहे."

पाहुण्यांनी पुष्पचक्र धुऱ्यावर ठेवलं. बरोब्बर मधोमध. हात जोडले. म्हणाले, दोन मिनिटं शांत उभे राहू या. सगळे उभे राहिले, अधिकारी, पोलीस, पास्टर साहेब, सरपंच, फोटोग्राफर. सोमाजीने डोक्याचा शेला काढून हातात घेतला. काठावर, सगळ्यांच्या मागे, मार्थाबाई उपासनेची पांढरी साडी नेसून उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि मान खाली घातली. शांततेबद्दल बँडवाल्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती दोन मिनिटं बाहेर वरातीचं गाणं चालू होतं.

मी एकतीस वर्षांत पुष्कळ मानवंदना पाहिल्या. बहुतेक चुकीच्या माणसाला होत्या.

संध्याकाळी मंडप उतरवत असताना मार्थाबाई माझ्याकडे आल्या.

"लय मोठा मानूस होता ना, भाऊ, फुलं वाह्यले तो?"

हो, मी म्हणालो.

"नाव काय त्याचं?"

मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, विसरू नये म्हणून. तेव्हापासून दर रविवारच्या प्रार्थनेत ते नाव असतं. पाहुणे पुढची निवडणूक हरले, पण त्याला इतर कारणं होती.

मला खंत नाही असं म्हणणार नाही. तांब्याची ती अर्धी पट्टी आजही धुऱ्यातून बाहेर डोकावते आणि तिचा फोटो दोन-तीन पुस्तकांत आहे. आपल्याकडच्या इतिहासातला एक घोडा मी अर्ध्यावर ठेवला. नागपूरला एका परिसंवादात एका तरुण अभ्यासकाने त्या रुंद धुऱ्यावर निबंध वाचला. खणणाऱ्यांनी मुद्दाम सोडलेल्या जागांमागची दूरदृष्टी असा विषय होता. मी मागच्या रांगेत बसून ऐकला. प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा हात वर केला नाही. आणि खोडलेल्या रेघेबद्दल म्हणाल तर, आजही कोऱ्या कागदावर बोट फिरवताना तो खरबरीतपणा मला आठवतो. जे दिसलं ते काढायचं, हा माझा धर्म होता. तो मी मोडला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन. अभिमानाने नाही; दुसरं काही सुचणार नाही म्हणून.

हा लेख लिहायच्या आधी मी त्या गावी जाऊन आलो. सोमाजी आता काम करत नाही. पोडावर असतो, डोळे अधू झालेत, पण मूठभर माती हातात दिली तर कोणत्या वावरातली ते सांगतो. मार्थाबाईंना विचारलं, लिहू का? त्या म्हणाल्या,

"लिहा. पन गावाचं नाव नका लिहू, बाप्पा. लोकं फुलं घेऊन येतीन, मंग झाडावं मलेच लागते."

चर्च पुन्हा सुरू आहे. खड्ड्यावर फळ्या टाकल्यात. रविवारी त्यावर बाक मांडतात, इतर दिवशी बघायला कोणी आलं तर फळ्या बाजूला करून लोखंडी जिन्याने खाली उतरवतात. फळ्या सरकवायला पास्टर साहेबांचा माणूस आहे, खालची देखभाल मार्थाबाईंकडे. बघायला फारसं कोणी येत नाही. दुपारी त्या त्याच्याकडून फळ्या सरकवून घेतात, जिन्याच्या दोन पायऱ्या उतरतात आणि धुऱ्याच्या एका टोकाला बसतात, तास-अर्धा तास. भिंतीवर खात्याची पाटी आहे, 'येथे बसू नये'. त्यांना वाचता येतं.

दरवर्षी तपासणीला एक अधिकारी येतो. गेल्या वर्षीच्या अहवालात लिहिलं आहे की धुऱ्याची वरची कड एका बाजूने ऊन-पावसामुळे झिजली आहे. धुरा छपराखाली आहे, फळ्यांच्याही खाली. छप्पर गळत नाही.